सहकाऱ्याचा अहंकार आणि शिक्षकाचा धर्म

अहंकाराचा विचार भारतीय धर्मपरंपरांनी विस्ताराने केला आहे. पण त्यातला बहुतेक विचार साधकाच्या स्वतःच्या अहंकारापुरता आहे. तो कसा ओळखावा, कशाने पोसतो आणि कोणत्या साधनेने गळतो, हे शास्त्रग्रंथ सांगतात. रोजच्या व्यवहारात मात्र माणसाला स्वतःच्या अहंकारापेक्षा दुसऱ्याचा अहंकार अधिक जाचतो, आणि तो दुसरा जर त्याच मस्टरवर सही करणारा, शेजारच्या वर्गावर शिकवणारा, वर्षानुवर्षे एकाच टेबलाभोवती डबा खाणारा सहकारी असेल, तर त्याच्यापासून दूर जाण्याचीही सोय नसते. आढ्यताखोर नातेवाइकाकडचे येणे-जाणे कमी करता येते, बढाईखोर शेजाऱ्याशी कामापुरते बोलता येते. सहशिक्षकाच्या बाबतीत ते जमत नाही, कारण दोघांच्या मध्ये एक वर्ग असतो आणि त्या वर्गातली मुले दोघांचीही असतात. म्हणून अहंकारी सहकाऱ्याशी कसे वागावे या प्रश्नाच्या पोटात एक जुना धर्मविषयक प्रश्न दडलेला आहे: सहन करणे हे पुण्य कुठवर, आणि गप्प राहणे हा दोष कुठून?

शाळा आणि श्रेय

हा प्रश्न कसा उभा राहतो हे एका परिसरावरून पाहू. ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या सर्वपरिचित आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर चितळसरला लागून, आणि दुसरी डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्ही ठिकाणी जिथे पूर्वी शेते आणि पाडे होते तिथे आता गृहसंकुले उभी राहिली आहेत, आणि त्यांच्याबरोबर शाळाही दाटीवाटीने वाढल्या आहेत. महापालिकेच्या शाळा, अनुदानित मराठी शाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा एकाच परिसरातील मुलांसाठी एकमेकींशी स्पर्धा करतात. दहावीचा निकाल लागला की नाक्यानाक्यावर गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक लागतात, आणि मराठी शाळांना तर पुढच्या जूनमध्ये पट टिकेल की तुकडी बंद होईल याची धास्ती कायमची असते. अशा परिसरात परीक्षेचा निकाल शाळेच्या जगण्या-मरण्याशी जोडला जातो, आणि त्यामुळे निकालाचे श्रेय कोणाचे हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत फार मोठा होऊन बसतो.

अशा खोलीचे चित्र बहुतेक शाळांत सारखेच असते. मधोमध लांब टेबल, भिंतीला लागून प्रत्येकाचा कुलूप लावलेला खण, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, टाचणवह्या, आणि फळ्यावर टाचलेला त्या दिवशीच्या बदली तासांचा कागद. गैरहजर शिक्षकाचा तास ज्याच्या नावावर पडतो त्याचा ऑफ तास जातो, आणि हा कागद वाचतानाच अनेकदा पहिली कुरबुर सुरू होते. एखादा शिक्षक आपण दहावीच्या वर्गाला शिकवतो म्हणून बदली तासाला जाणे कमीपणाचे मानतो. दुसरा आपल्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागल्याचे दर महिन्याला ऐकवतो. तिसरा डॉक्टर किंवा अभियंता झालेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचे नाव काढून तो आपल्याच हाताखालून गेला असे सांगतो. चौथ्याच्या मते तो नसता तर स्नेहसंमेलन पारच पडले नसते. यातले एकही विधान संपूर्ण खोटे नसते, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला अधिक टोचते.

ज्ञान देणाऱ्या जागीच हा विकार का बळावतो, याचे एक कारण जैन विचाराने नेमके हेरले आहे. जैन शास्त्रात मान हा क्रोध, माया आणि लोभ यांच्या पंक्तीतला एक कषाय, म्हणजे आत्म्याला मलिन करणारा विकार मानला आहे, आणि त्यातून उपजणाऱ्या मदाचे आठ प्रकार सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. यांपैकी पहिले दोन, म्हणजे आपल्याला कळते याचा मद आणि लोक आपल्याला मानतात याचा मद, शिक्षकाच्या व्यवसायातच अंतर्भूत आहेत. शिक्षकाचा दिवस आपल्यापेक्षा लहान, आपल्यापेक्षा कमी जाणणाऱ्या आणि उलटून न बोलणाऱ्या मुलांत जातो. वर्गात त्याचा शब्द शेवटचा असतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर, त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे वेगळी काढली, ती याच जाणिवेने. अडाण्याचा मूर्खपणा शिकवून दूर करता येतो. पण ज्याने ग्रंथ वाचले आहेत, जो इतरांना उपदेश करू शकतो आणि तरीही ज्याच्या पोटात ताठा आहे, त्याला शिकवणार कोण, ही समर्थांची चिंता होती.

दुसरे कारण व्यवस्थेत आहे आणि ते सहानुभूतीने समजून घेण्यासारखे आहे. अनुदानित शाळेतील वेतन मुख्यतः सेवेच्या वर्षांवर ठरते. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी अशा त्याच्या पायऱ्या आहेत. जीव तोडून शिकवणारा आणि तास उरकणारा असे दोघे एकाच वर्षी लागले असतील, तर पगारपत्रकावर दोघांत फारसा फरक दिसत नाही. खासगी शाळांतील मुख्याध्यापकपदही सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेनेच मिळते. जिथे कष्टाची नोंद पैशात होत नाही आणि पदातही होत नाही, तिथे ती शब्दांत व्हावी अशी ओढ माणसाला लागते. आणि इतर कोणी ते शब्द उच्चारत नाही असे दिसले की तो स्वतःच ते उच्चारू लागतो. बढाईच्या मुळाशी पुष्कळदा न मिळालेली शाबासकी असते. याने बढाई क्षम्य ठरत नाही, पण तिच्यावरचा पहिला उपाय कोणता हे कळते.

अहंकाराचे तीन चेहरे

सगळ्या अहंकारी माणसांना एकाच मापाने मोजले तर वागण्यात चूक होते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची, म्हणजे माणसाला खाली ओढणाऱ्या वृत्तींची, गणना करताना दंभ, दर्प आणि अभिमान ही तीन नावे एकापाठोपाठ पण वेगवेगळी घेतली आहेत. दंभ म्हणजे केलेल्या चांगल्या कामाचे प्रदर्शन मांडणे. ते काम खरे असेलही, पण ते दिसावे म्हणून केलेले असते. दर्प म्हणजे विद्या, पद, ओळख किंवा पैसा यांनी चढलेली धुंदी, ज्यामुळे इतर माणसे लहान दिसू लागतात. अभिमान म्हणजे आपण मोठे आहोत ही इतकी पक्की समजूत की, इतरांनी मान न दिल्यास तो अपराध वाटावा.

शिक्षकांच्या खोलीत हे तीन चेहरे ओळखता येतात. वृक्षारोपणात एक रोप लावून दहा छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारा सहकारी दंभाने ग्रासलेला असतो, आणि त्याच्यापासून फारशी हानी होत नाही. रोप तर लागलेले असते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाच्या उच्चारांवर सर्वांसमोर हसणारा, प्राथमिक विभागाच्या शिक्षकांना दुय्यम लेखणारा, शिपायाला एकेरी हाक मारणारा सहकारी दर्पाने ग्रासलेला असतो, आणि त्याच्यामुळे माणसे दुखावली जातात. आपली सूचना डावलली गेली म्हणून पुढच्या कार्यक्रमातून अंग काढून घेणारा, किंवा अमुक शिक्षकाचा सत्कार आधी झाला म्हणून महिनोन्महिने अबोला धरणारा सहकारी अभिमानाने ग्रासलेला असतो, आणि त्याच्यामुळे काम अडते. पहिल्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे आहे, दुसऱ्याला थांबवणे भाग आहे आणि तिसऱ्याशी संवाद चालू ठेवावा लागतो.

कर्तेपणाचा हिशेब

अहंकाराला दुर्गुण म्हटले की त्याचा विचार नीतीच्या अंगाने होतो. पण वेदान्ताने त्याला त्याही आधी अज्ञान म्हटले आहे, आणि शाळेच्या संदर्भात हीच बाजू अधिक उपयोगी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे कर्म ज्याच्या आधारावर घडते ते स्थान (टीकाकार इथे देह घेतात), कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे अनेक प्रकारचे प्रयत्न, आणि दैव म्हणजे माणसाच्या हाती नसलेला भाग. ही पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारित नाही आणि त्याला खरे दिसत नाही, असा गीतेचा निर्वाळा आहे.

दहावीच्या एका निकालाला हा हिशेब लावून पाहता येतो. मानपाड्यातील एखादी मुलगी गणितात उत्तम गुण मिळवते, तेव्हा दहावीला गणित शिकवणारे शिक्षक त्या यशात असतातच. पण तिला तिसरीत पाढे पाठ करून घेणाऱ्या बाईही त्यात असतात. सातवीत अपूर्णांकांची भीती घालवणारे सर असतात. मराठीच्या ज्या शिक्षिकेने तिला प्रश्न नीट वाचायला शिकवले त्याही असतात. एका खोलीच्या घरात रात्री दूरचित्रवाणी बंद ठेवणारे आईवडील असतात, मुलगी सलग चार दिवस आली नाही म्हणून फोन करणारे वर्गशिक्षक असतात, आणि परीक्षेच्या दिवशी तिला ताप आला नाही हेही असते. शेवटी ती मुलगी स्वतः असते, जिचा या सगळ्या वाटणीत पुष्कळदा विसर पडतो. यातल्या एकाच हाताने सगळे श्रेय उचलले की बाकीच्यांवर अन्याय होतो, हे खरेच. पण त्याआधी घटनेचे चुकीचे वर्णन होते. बढाई ही वस्तुस्थितीविषयीची चूक आहे.

केनोपनिषदातील यक्षाची कथा हेच सांगते. ब्रह्माच्या बळाने देवांना विजय मिळाला, पण तो आपल्याच सामर्थ्याने मिळाला असे देव मानू लागले. तेव्हा एक अद्भुत यक्ष त्यांच्यापुढे प्रकट झाला आणि त्याने एक काडी ठेवली. अग्नीला ती जाळता आली नाही, वायूला ती हलवता आली नाही; इंद्र जवळ गेला तेव्हा यक्ष दिसेनासा झाला आणि उमा हैमवतीने इंद्राला त्या विजयाचे खरे मूळ सांगितले. या कथेत देवांना शाप मिळत नाही, त्यांचा अपमान होत नाही, त्यांची पदेही जात नाहीत. त्यांचा गैरसमज तेवढा दूर होतो. अहंकारी सहकाऱ्याच्या बाबतीत अपेक्षा ठेवायची ती एवढीच: त्याला खाली पाडायचे नाही, त्याला पूर्ण हिशेब दाखवायचा.

दुखावलेल्याचा मान

इथे विचाराला एक अवघड वळण घ्यावे लागते. सहकाऱ्याची बढाई ऐकून ज्याला त्रास होतो, त्याच्याही मनात काही असतेच. बौद्ध परंपरेत मान हे दहा संयोजनांपैकी, म्हणजे जीवाला बांधून ठेवणाऱ्या दहा बंधनांपैकी, एक आहे, आणि ते इतके चिवट मानले आहे की अर्हतपद मिळेपर्यंत ते पूर्णपणे सुटत नाही. या मानाची तीन रूपे सांगितली आहेत: मी श्रेष्ठ आहे ही भावना, मी बरोबरीचा आहे ही भावना, आणि मी हीन आहे ही भावना. स्वतःला कमी लेखणे हाही मानच, हे या मांडणीचे मर्म आहे. कारण तिन्ही रूपांत मन स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभे करून मोजत असते. जो सहकारी बढाई मारतो तो पहिल्या मानाने बांधलेला असतो, आणि ती ऐकून जो रात्रभर जळतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या मानाने. दोघांच्या हातात तराजू एकच असतो.

ज्येष्ठतेच्या वादात हे फार स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. त्यानुसार सेवाज्येष्ठता यादी तयार करावी लागते, ती शिक्षकांत फिरवून त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. यादीतील एका क्रमांकावर पुढे पर्यवेक्षकपद किंवा मुख्याध्यापकपद अवलंबून असते, म्हणून ती काळजीपूर्वक तपासणे योग्यच आहे. पण वयाने मोठा असलेला शिक्षक नेमणुकीने कनिष्ठ असतो तेव्हा त्याच्या मनाला जी बोच लागते, ती पदाच्या पलीकडची असते. श्वेतांबर जैन परंपरेतील बाहुबलीची कथा या बोचीचीच आहे. भरताशी झालेल्या युद्धात विजय हाती येत असताना बाहुबलीने सर्वत्याग केला. पण पिता ऋषभदेवांकडे गेल्यास, आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, या विचाराने तो तिकडे न जाता वर्षभर तपात उभा राहिला. अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, झाले नाही. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन त्याला हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले. तो हत्ती कोणता हे त्याच्या ध्यानात आले, आणि भावांना वंदन करण्यासाठी पाऊल उचलताच ज्ञान प्रकटले. राज्य सोडणे ज्याला जमले त्याला ज्येष्ठता सोडणे जमत नव्हते, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी ताडून पाहावी.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण केलेल्या भावार्थदीपिकेत, म्हणजे ज्ञानेश्वरीत, तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांवर दीर्घ निरूपण केले आहे. गीतेने ज्ञानाची लक्षणे मोजताना अमानित्व पहिले ठेवले आणि अदंभित्व दुसरे. ज्ञानाची व्याख्या जाणकारीने सुरू न होता मानाच्या अभावाने सुरू होते, ही बाब शिक्षकांसाठी चिंतनीय आहे. अमानित्व म्हणजे मानाची इच्छा नसणे. ज्ञानेश्वरांच्या वर्णनातील अमानी पुरुष आपल्या गुणांची स्तुती ऐकताच पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या हरिणासारखा कासावीस होतो, आणि बृहस्पतीइतके ज्ञान अंगी असले तरी मोठेपणाच्या भीतीने ते लपवतो. अदंभी माणूस आपले सत्कर्म, शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो तसे झाकून ठेवतो, कारण उघडे राहिलेले बी रुजत नाही. हे आदर्श गाठणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण दिशा त्यातून ठरते. सहकाऱ्याच्या बढाईचे उत्तर आपली बढाई हे नाही, आणि त्याच्या माघारी केलेली त्याची टवाळीही नाही.

सहनशीलतेची मर्यादा

अमानित्वाची ही शिकवण ऐकून एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे आवश्यक आहे. नम्रतेचा उपदेश नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसालाच का केला जातो, असा तो आक्षेप आहे. नव्याने लागलेली शिक्षिका, घड्याळी तासावर राबणारा कंत्राटी शिक्षक, किंवा ज्याच्या घराण्यात तोच पहिला पदवीधर आहे असा सहकारी, यांना वरिष्ठाचा ताठा सहन करायला सांगणे म्हणजे त्यांच्यावरच्या अन्यायाला अध्यात्माची झालर लावणे होय. महाराष्ट्राच्या इतिहासात या आक्षेपाला फार मोठा आधार आहे. ज्या भक्तिपरंपरेने अहंकार सोडायला शिकवले, त्याच परंपरेच्या पंढरपुरात संत चोखामेळा यांना देवळाबाहेर राहावे लागले. आणि १९२७ च्या महाड सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो स्वाभिमान जागवला, तो मानाच्या हव्यासातून आलेला नव्हता, माणुसकीचा हक्क परत घेण्यासाठी तो उभा होता.

या आक्षेपातून एक नियम स्पष्ट होतो. अमानित्व हा स्वतःहून स्वीकारायचा गुण आहे. तो दुसऱ्याकडून वसूल करायचा नाही. बलवानाने दुर्बळाला नम्रतेचा पाठ देणे हे अमानित्व नसून दर्पच आहे. स्वाभिमान आणि अहंकार यांतला भेदही इथेच सापडतो: स्वाभिमानी माणूस जे स्वतःसाठी मागतो तेच इतर सर्वांसाठी मागायला तयार असतो, तर अहंकारी माणसाची मागणी इतरांपेक्षा अधिक मिळण्याची असते.

यावरून वागण्याची कसोटी बनवता येते. अहंकारी सहकाऱ्याच्या प्रत्येक कृतीपुढे, यात नुकसान कोणाचे होते, असा प्रश्न ठेवावा. नुकसान केवळ ऐकणाऱ्याच्या मानाचे असेल, म्हणजे त्याचे श्रेय कमी झाले असेल, त्याचे नाव फलकावरून राहिले असेल किंवा त्याच्या कामाचा उल्लेख सभेत झाला नसेल, तर ते सोडून देण्यात त्याचे काही जात नाही. एकनाथ महाराजांविषयी प्रसिद्ध असलेली आख्यायिका, ज्यात गोदावरीवर स्नान करून येताना अंगावर पुन्हापुन्हा थुंकणाऱ्यावर ते रागावले नाहीत, ती या पहिल्या प्रकारची आहे. तिथे अपमान नाथांचा होता आणि तो सोडण्याचा अधिकारही नाथांचाच होता. पण नुकसान एखाद्या मुलाचे होत असेल, कनिष्ठ सहकाऱ्याचे होत असेल किंवा शाळेच्या कामाचे होत असेल, तर सोडून देण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे नसतो, कारण सोडली जाणारी गोष्ट त्याची नसते. शिक्षक वर्गात दुसऱ्या शिक्षकाची नालस्ती करत असेल, आपला निकाल उजळ राहावा म्हणून कच्च्या मुलांना परीक्षेपासून परावृत्त करत असेल, किंवा दुसऱ्याने घेतलेल्या उपक्रमाचा अहवाल स्वतःच्या नावावर पाठवत असेल, तर तिथले मौन ही क्षमा नव्हे. ते भित्रेपण आहे.

बोलण्याचीही रीत आहे. प्रथम एकट्याला गाठून, घडलेली एकच गोष्ट धरून बोलावे; स्वभावाचा पंचनामा करू नये. त्याच्या कामात जे खरे आहे ते आधी आणि मनापासून मान्य करावे, कारण ज्याची शाबासकी थकलेली आहे त्याला ती मिळाल्याशिवाय पुढचे ऐकू येत नाही. एवढ्याने भागले नाही तर प्रश्न माणसाच्या पातळीवरून पद्धतीच्या पातळीवर न्यावा: कोणत्या उपक्रमात कोणी काय केले हे शिक्षकसभेच्या इतिवृत्तात लिहिले जावे, बदली तास सर्वांना क्रमाने यावेत, दहावीचे वर्ग काही वर्षांनी फिरते असावेत, आणि निकालाच्या सत्कारात पाचवीपासून त्या मुलांना शिकवलेल्या सगळ्यांची नावे घेतली जावीत. जिथे श्रेयाची नोंद चोख होते तिथे श्रेय ओरडून सांगण्याची गरज कमी होते. आणि हानी गंभीर असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करण्यात अधर्म नाही. तक्रार करताना मनात सूड नसावा, एवढेच पाहावे.

कच्चे मडके

अहंकारी सहकाऱ्याशी एखाद्या समुदायाने कसे वागावे, याचा उत्तम दाखला वारकरी परंपरेतच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, गोरोबा कुंभार, नामदेव ही मंडळी एका अर्थाने सहकारी होती. त्यांचे काम एक होते, वाट एक होती, आणि नामदेवांची कीर्ती त्यांत मोठी होती, कारण प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलतो अशी लोकांची श्रद्धा होती. या संतमेळ्यात गोरोबांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून कोण पक्का आणि कोण कच्चा ते पाहिले, अशी कथा आहे. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले, आणि गोरोबांनी त्यांना कच्चे ठरवले.

या कथेतले तीन बारकावे शिक्षकांसाठी मोलाचे आहेत. पहिला असा की थापटणे सर्वांच्या डोक्यावर पडले. एकट्या नामदेवांना वेगळे काढून पारखले नाही, ज्ञानदेवांनाही सूट मिळाली नाही. दुसरा असा की निर्णय तोंडावर सांगितला गेला, पाठीमागे कुजबुजीत नव्हे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा की कच्चे म्हणून नामदेवांना टाकून दिले गेले नाही. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले, औंढ्या नागनाथाच्या देवळात त्यांना देव सर्वत्र असल्याचा बोध झाला, आणि संतमेळ्यातले त्यांचे स्थान अधिक घट्ट झाले. ज्ञानदेवांच्या समाधीचे हृदय हेलावणारे वर्णन नामदेवांच्याच नावावर आहे, आणि भागवतधर्माचा संदेश पंजाबपर्यंत नेणारेही तेच. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. अहंकारावर बोट ठेवणारे सहकारी नसते, आणि बोट ठेवून झाल्यावर जवळ घेणारे तेच सहकारी नसते, तर नामदेवांचे हे पुढचे कार्य कसे झाले असते, हे सांगता येत नाही.

चांगदेवांची कथाही हेच वळण घेते. वयाने मोठे म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने लहान म्हणून नमस्कार लिहावा, हे न ठरल्याने त्यांनी ज्ञानदेवांना कोरेच पत्र पाठवले असे परंपरा सांगते. मुक्ताबाईंनी त्या कोरेपणावर नेमके बोट ठेवले. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले, जे चांगदेव पासष्टी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यात पाठवणारा आणि घेणारा यांच्यातले तत्त्व एकच असल्याचे सांगून ज्येष्ठ-कनिष्ठपणाचा प्रश्नच मिटवला. स्पष्ट बोलणारी बहीण आणि समजून घेणारा भाऊ, दोघांचीही गरज होती.

शिक्षकाचा धर्म

शाळेतील मुले पाठ्यपुस्तकापेक्षा शिक्षकांच्या परस्परवर्तनातून अधिक शिकतात. एक शिक्षक दुसऱ्याविषयी कसे बोलतो, ज्येष्ठ बाई नव्या सरांना वर्गात शिरताना कशी वाट करून देतात, चूक निघाल्यावर फळ्यासमोर उभा असलेला माणूस ती मान्य करतो की नाही, हे ती न चुकता टिपतात. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी सांभाळली; त्यांचा जो ठसा मुलांच्या मनावर उमटला तो कोणत्याही निकालपत्रकात सापडणारा नाही, कारण तो त्यांच्या वागण्याचा होता.

म्हणून सहकाऱ्याच्या अहंकाराशी सामना हा शिक्षकाच्या कामातला अडथळा मानू नये. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. स्वतःचा मान गेला तर तो जाऊ द्यावा, मुलांचा हक्क जात असेल तर ठामपणे बोलावे, बढाई मारणाऱ्याच्या कष्टाला त्याने मागण्यापूर्वीच दाद द्यावी, आणि त्याला सांगायचे ते तोंडावर सांगून पुन्हा त्याच्या शेजारी डबा उघडावा. मानपाड्यातील असो वा अन्य कुठलीही, शाळेतल्या शिक्षकांनी नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत एवढा एक ठराव करावा: या वर्षी कोणत्याही मुलाच्या यशाचा उल्लेख करताना त्याला आधी शिकवलेल्या सर्वांची नावे घेतली जातील, आणि सर्वांत पहिले नाव त्या मुलाचे असेल.